पाळी गेल्यानंतर हाडांच्या ठिसूळपणावरचे औषध कसे निवडावे

पाळी जाऊन काही वर्षे लोटलेली बाई हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून येते, अहवालात उणे २.७ असा आकडा असतो, त्याखाली ‘ऑस्टिओपोरोसिस’ (म्हणजे हाडांचा ठिसूळपणा) असे छापलेले असते, आणि घरात पहिला प्रश्न निघतो तो असा: यावर सगळ्यांत चांगले औषध कोणते? प्रश्न साहजिक आहे, पण तो थोडा बदलून विचारला तर उत्तर नीट मिळते. आज मिळणारी बहुतेक औषधे हाड मोडण्याचा धोका खरोखर कमी करतात. त्यांतले आपल्याला कोणते चालेल हे मात्र हाडांइतकेच मूत्रपिंड, हृदय, स्तन, दात आणि अन्ननलिका यांच्या स्थितीवर आणि घराण्यातल्या आजारांवर ठरते. म्हणून औषधाचे नाव विचारण्याआधी आपल्या सगळ्या जोखमी एका कागदावर मांडाव्यात. डॉक्टरांच्या खोलीतल्या दहा मिनिटांत हे होत नाही. ते घरी बसूनच करावे लागते.

हे मी शिकले ते आईमुळे. ती एकसष्ट वर्षांची असताना मोरीत घसरली आणि तिचे मनगट मोडले. प्लास्टर घातले, सहा आठवड्यांनी काढले. हाडांची घनता तपासून घ्या असे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढे चार-पाच वर्षांत स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा साखरेचा डबा तिच्या हाताला येईना आणि ती स्टूल घेऊ लागली. वय झाले, असे म्हणून आम्ही ते सोडून दिले. पाठीचा एक्स-रे निघाला तेव्हा दोन मणके दबलेले दिसले. मणक्यांचे बहुतेक अस्थिभंग असेच लक्षात न येता होतात. म्हणून साध्या पडण्याने मोडलेले एखादे हाड आणि तरुणपणाच्या मानाने सुमारे ४ सेंटीमीटरने घटलेली उंची, या दोन गोष्टी असतील तर त्या कागदावर सर्वांत वर लिहाव्यात.

कागद कसा मांडावा

वहीचे एक पान घेऊन मधोमध रेघ ओढावी. डाव्या बाजूला हाड मोडण्याची शक्यता वाढवणारी माहिती लिहावी: वय, वजन, पाळी कोणत्या वर्षी गेली, गर्भपिशवी काढली असल्यास त्याबरोबर अंडाशयही काढले होते का, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, ऱ्हुमॅटॉइड संधिवात किंवा मधुमेह आहे का, धूम्रपान किंवा मद्यपान आहे का, आणि गेल्या वर्षभरात आपण किती वेळा पडलो. प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ घेतले असेल तर ते ठळक लिहावे. सांधेदुखीवर बिनलेबलाच्या पुड्या घेतल्या असतील तर त्याही न लाजता लिहाव्यात, कारण अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर दिली जाणारी लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल, मधुमेहावरचे पायोग्लिटाझोन आणि गरजेपेक्षा जास्त मात्रेत घेतलेले थायरॉक्सिन हीसुद्धा हाडांना मारक आहेत.

उजव्या बाजूला औषधाची निवड बदलणारी माहिती येते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा अँजिओप्लास्टी झाली असल्यास तिची तारीख. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का. स्वतःला, आईला किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता का. रेडिएशन घेतले आहे का. मुतखडा, आम्लपित्त, गिळताना त्रास. दात काढायचे किंवा इम्प्लांट बसवायचे राहिले आहे का. आणि ताज्या रक्ततपासणीतले, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन. चालू औषधांची नावे आठवून लिहिण्यापेक्षा सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या समोर ठेवून उतरवून घ्याव्यात.

आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

डेक्साच्या अहवालातला टी-स्कोअर आपल्या हाडांच्या घनतेची तुलना निरोगी तरुण स्त्रीच्या घनतेशी करतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घालून दिलेल्या व्याख्येनुसार उणे १ पर्यंत घनता सामान्य, उणे १ ते उणे २.५ या दरम्यान ती कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस मानला जातो. ही रेघ सोयीसाठी आखलेली आहे. उणे २.४ वर हाड सुरक्षित आणि उणे २.६ वर धोक्यात, असे काही शरीरात घडत नाही, आणि हाड मोडलेल्या कितीतरी स्त्रियांचा आकडा उणे २.५ च्या वरच असतो. शिबिरांतून टाचेवर यंत्र ठेवून जी मोफत तपासणी होते ती केवळ चाळणी आहे. तिच्यावरून औषध सुरू करू नये. कंबरेचे मणके आणि खुबा यांची डेक्सा करून घ्यावी.

घनतेबरोबर बाकीची माहिती धरून पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढणारे ‘फ्रॅक्स’ नावाचे गणनयंत्र ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठात तयार झाले. ते २००८ पासून उपलब्ध आहे आणि त्यात भारताचे वेगळे प्रारूपही आहे. डॉक्टरांकडून हा आकडा आवर्जून काढून घ्यावा. अमेरिकेत खुबा मोडण्याची शक्यता ३ टक्के किंवा मुख्य हाडांपैकी एखादे मोडण्याची शक्यता २० टक्के झाली की औषधाचा विचार करतात. पण हे उंबरठे तिथल्या खर्चाचा हिशेब धरून ठरवलेले असल्याने आपण ते दिशादर्शक म्हणूनच पाहावेत. मधुमेह असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत टी-स्कोअर आणि फ्रॅक्स दोन्ही धोका असतो त्यापेक्षा कमी दाखवतात, आणि आपल्याकडे घरोघरी मधुमेह असल्याने हे विसरून चालणार नाही.

औषध लिहून घेण्याआधी आणखी एक पायरी आहे. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साधी रक्तगणना एवढ्या तपासण्या तरी व्हायला हव्यात, आणि गरज वाटल्यास डॉक्टर पॅराथायरॉइडची (रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथीची) व मायलोमाची (अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाची) तपासणी सांगतील. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाडे मऊ पडली असतील तरीही डेक्साचा आकडा खालीच येतो, पण त्या दुखण्याचा उपचार वेगळा आहे. ती कमतरता भरून न काढता हाडांचे जोरकस इंजेक्शन दिले तर रक्तातले कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकते.

टक्केवारीचा अर्थ लावताना

औषधाचे फायदे आणि तोटे दोन्ही टक्क्यांत सांगितले जातात, आणि बहुतेक घरांतली भीती किंवा भाबडी आशा तिथूनच सुरू होते. अलेंड्रोनेट या गोळीवरचा १९९६ चा एक मोठा अभ्यास आधीच मणका दबलेल्या सुमारे दोन हजार स्त्रियांवर झाला. तीन वर्षांत खुबा मोडण्याचे प्रमाण गोळीने निम्म्यावर आले असे त्यात दिसले. प्रत्यक्षात ते शंभरातल्या २.२ जणींवरून १.१ वर आले, आणि मणक्याचा नवा अस्थिभंग साधारण १५ जणींवरून ८ वर आला. दोन्ही विधाने खरी आहेत, पण निर्णय दुसऱ्यावरून घ्यावा.

संप्रेरक (हार्मोन) उपचारांबाबत तर हा फरक समजणे फारच आवश्यक आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरचा अभ्यास जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबवला गेला, आणि स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो ही बातमी जगभर पसरली. त्यामागचे आकडे असे होते: वर्षाला दहा हजार स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाच्या ३० ऐवजी ३८ रुग्ण, पक्षाघाताचे ८ अधिक, फुप्फुसातल्या गुठळीचे ८ अधिक आणि हृदयविकाराचे ७ अधिक, त्याच वेळी खुबा मोडण्याचे ५ कमी आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ कमी. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटले होते. गर्भपिशवी काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले त्या अभ्यासात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, पक्षाघात मात्र वाढला.

आता पर्याय एकेक पाहू

यामुळे संप्रेरक उपचारांचा विचार आज मुख्यतः साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या आणि अंगातून वाफा, रात्रीचा घाम असा त्रास असलेल्या स्त्रियांसाठी करतात. त्यांना हाडांचे संरक्षण त्यासोबत मिळते, आणि उपचार थांबवला की ते ओसरू लागते. स्तनाचा कर्करोग, गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार होऊन गेला असेल तर हा मार्ग बंद समजावा. ज्यांचे अंडाशय चाळिशीच्या आसपास किंवा त्याआधीच काढले गेले त्यांची गोष्ट वेगळी आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या तरुण वयात काढल्या जात असल्याची बातमी २०१९ मध्ये राज्यभर गाजली. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयही गेले असतील तर हाडांची झीज त्या दिवसापासूनच वेगाने सुरू होते, आणि कोणतीही अडचण नसल्यास पाळी स्वाभाविकपणे जाण्याच्या वयापर्यंत संप्रेरके देणे सामान्यतः योग्य मानले जाते. या स्त्रियांना हे सांगणारे कोणी भेटत नाही, ही मला फार दुःखाची बाब वाटते.

रॅलॉक्सिफेन ही रोजची गोळी मणक्यांचे रक्षण करते, खुब्याचे करते असे सिद्ध झालेले नाही. स्तनाच्या कर्करोगाचा धोका मात्र ती स्पष्टपणे घटवते, म्हणून बहिणीला किंवा आईला तो आजार झालेल्या साठीतल्या स्त्रीला ती उपयोगी पडू शकते. याची दुसरी बाजू २००६ च्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या अभ्यासात दिसली: गुठळ्या वाढल्या, जीवघेणा पक्षाघातही वाढला, आणि हृदयविकार काही कमी झाला नाही. अंगातल्या वाफा या गोळीने वाढतात. मोठी शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळणे असे प्रसंग दिसत असतील तर ती निदान तीन दिवस आधी थांबवावी लागते. अमेरिकेतल्या मुलांकडे जाण्याच्या लांबच्या विमानप्रवासाआधीही डॉक्टरांना तसे विचारून ठेवावे.

अलेंड्रोनेट आणि रायसेड्रोनेट या आठवड्याच्या गोळ्या, तसेच वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक ॲसिड, या बिस्फॉस्फोनेट गटाने बहुतेक स्त्रियांची सुरुवात होते. त्यांचा खर्च आवाक्यातला आहे, अनुभव मोठा आहे आणि मणका व खुबा दोन्ही राखले जातात. आठवड्याची गोळी घेण्याचे पथ्य मात्र काटेकोर आहे. आईने सोमवार ठरवला होता: उठल्यावर तोंड धुऊन, चहाच्या आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी, आणि त्यानंतर अर्धा तास आडवे न होता बसणे किंवा चालणे. पहिल्या दोन सोमवारी तिने गोळीवर लगेच चहा घेतला. चहाने किंवा दुधाने ही गोळी शरीरात नीट शोषली जात नाही, हे समजल्यावर तिने त्या अर्ध्या तासात तुळशीला पाणी घालून अंगणात फेऱ्या मारायला सुरुवात केली. अन्ननलिकेचा आजार असेल किंवा अर्धा तास सरळ बसता येत नसेल तर ही गोळी टाळून शिरेतल्या औषधाचा विचार करावा. झोलेड्रोनिक ॲसिडनंतर पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते. आदल्या दिवसापासून पाणी नीट प्यावे. क्रिएटिनिनवरून काढलेला, मूत्रपिंडाची क्षमता दाखवणारा आकडा (मिनिटाला मिलिलिटरमध्ये) ३५ च्या खाली असेल तर अलेंड्रोनेट आणि झोलेड्रोनिक ॲसिड दोन्ही टाळतात.

या गटाविषयी दोन भीती नेहमी ऐकू येतात. जबड्याचे हाड मरणे ही ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत फार विरळ घटना आहे, तरी दात काढायचे असतील तर ते आधी उरकून घ्यावेत. मांडीचे हाड विचित्र रीतीने मोडणे हेही विरळ आहे, पण औषध जितकी वर्षे चालते तितका हा धोका वाढतो आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांत तो अधिक आढळला आहे. म्हणून साधारण पाच वर्षे गोळी किंवा तीन वर्षे इंजेक्शन झाल्यावर, धोका फार मोठा नसेल तर, औषधाला विश्रांती देतात. मांडीत किंवा जांघेत ठसठसणारे दुखणे सुरू झाले तर ते गुडघ्याचे म्हणून तेल चोळत न बसता दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढून घ्यावा.

डेनोसुमॅब हे सहा महिन्यांनी कातडीखाली देण्याचे इंजेक्शन मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनाही देता येते, हा त्याचा मोठा गुण. मात्र डायलिसिसवर किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे कॅल्शियम यामुळे जीवघेण्या पातळीपर्यंत उतरू शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये दिला. याहून नित्याचा धोका तारीख चुकण्याचा आहे. हे औषध सोडल्यावर हाडांची झीज एकदम उसळते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. लग्नघरामुळे राहिले, गावी गेलो होतो, पैसे नव्हते, अशा कारणांनी हे इंजेक्शन पुढे ढकलता येत नाही, आणि बंद करायचेच असेल तर त्याच्या जागी बिस्फॉस्फोनेट घ्यावे लागते. ज्या घरात सहा महिन्यांनंतरच्या खर्चाची खात्री नाही तिथे हे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही.

फारच ठिसूळ झालेल्या, मणके आधीच दबलेल्या स्त्रियांसाठी हाड नव्याने घडवणारी औषधे आहेत. टेरिपॅराटाइड रोज पोटावर किंवा मांडीवर स्वतः टोचून घ्यायचे, फ्रिजमध्ये ठेवायचे आणि जास्तीत जास्त दोन वर्षे चालवायचे असते. हाडांवर रेडिएशन झालेल्यांना ते देत नाहीत. रोमोसोझुमॅब वर्षभर दर महिन्याला देतात, पण गेल्या वर्षात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर ते देऊ नये असा त्यावर इशारा आहे. दोन्हींनंतर दुसरे औषध लावले नाही तर मिळवलेली घनता हळूहळू हातची जाते.

दोन बायका, एकच आकडा

समजा दोघींचा टी-स्कोअर उणे २.७ आहे. पहिली त्रेपन्न वर्षांची, पाळी जाऊन चार वर्षे झालेली, वाफांनी झोप मोडणारी, रक्तदाब आणि साखर ठीक, घरात स्तनाचा कर्करोग नाही. तिच्यासाठी काही वर्षे संप्रेरके आणि पुढे बिस्फॉस्फोनेट, हा क्रम विचारात घेण्याजोगा आहे. दुसरी चौऱ्याहत्तर वर्षांची, मधुमेही, पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, मूत्रपिंडाचा आकडा ३२ आणि दोन मणके दबलेले. तिच्या कागदाच्या उजव्या बाजूने संप्रेरके, रॅलॉक्सिफेन, अलेंड्रोनेट आणि झोलेड्रोनिक ॲसिड असे चार पर्याय खोडले जातात. रोमोसोझुमॅबबाबत हृदयरोगतज्ज्ञाचे मत लागेल. उरतात ती टेरिपॅराटाइड आणि डेनोसुमॅब, तीही कॅल्शियम तपासून. पहिली बाई काही वर्षे थांबून पाहू शकेल. दुसरीने काहीच न घेणे हा मात्र मोठा धोका ठरेल, कारण खुबा मोडल्यानंतर वर्षभरात साधारण पाचातली एक वृद्ध व्यक्ती दगावते. औषधाच्या दुष्परिणामांची यादी वाचताना न घेण्याचे परिणामही शेजारी लिहावेत, असे म्हणते ते यासाठी.

जेवण, कॅल्शियम आणि पडणे

कोणतेही औषध निवडले तरी कॅल्शियम लागतेच. पाळी गेलेल्या स्त्रीसाठी भारतीय शिफारस दिवसाला १,२०० मिलिग्रॅमची आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० आणि पेलाभर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम असते. तीळ, राजगिऱ्याची पाने, दही आणि ताक यांची भर पडते. दिवसभरात जेवढे कमी पडेल तेवढेच गोळीने भरावे, कारण गरजेपेक्षा जास्त गोळ्यांनी मुतखड्याचा धोका वाढतो. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे; आम्लपित्तावर पँटोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरे. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे, आणि आठवड्याच्या हाडांच्या गोळीबरोबर कॅल्शियम कधीही घेऊ नये. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी काही आठवड्यांपुरती असते; ती वर्षानुवर्षे मनानेच चालू ठेवल्याने विषबाधा झालेले रुग्ण डॉक्टर पाहतात.

पडणे टाळण्याचे काम औषधाइतकेच मोलाचे आहे आणि त्याला दुष्परिणाम नाहीत. मोरीतली ओली शहाबादी फरशी, दाराशी सरकणारे पायपुसणे, रात्री बंद असलेला दिवा, मोतीबिंदू, पायांत येणारा गाऊन, एवढे घरात हिंडून पाहावे. झोपेच्या गोळ्या, उठल्यावर चक्कर आणणारी रक्तदाबाची मात्रा आणि साखर खाली नेणारी औषधे यांवर डॉक्टरांशी वेगळे बोलावे.

कागद घेऊन गेल्यावर चार गोष्टी विचाराव्यात: माझा धोका शंभरात किती, या औषधाने तो किती होईल, माझ्या बाकीच्या आजारांपैकी कोणत्याला हे बाधेल, आणि हे किती वर्षे चालवून पुढे काय द्यायचे. पुढची डेक्सा एक ते दोन वर्षांनी शक्यतो त्याच यंत्रावर करावी, नाहीतर यंत्रांतला फरक हाडांतला फरक म्हणून वाचला जातो. नवा आजार झाला, नवे औषध लागले, दात काढायची वेळ आली किंवा पुन्हा पडणे झाले, तर त्याच कागदावर तारीख घालून एक ओळ वाढवावी. आईचा कागद आता तिच्या औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे, आणि तिला कोणत्याही डॉक्टरांकडे नेताना आम्ही डबाच सोबत नेतो.